हिरव्या कंपनीची नवी ग्राहक

मला माझ्या धंद्याची किळस येते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा कुणी ठेवायला नको. चाकणच्या अलीकडे, म्हाळुंग्याच्या चौकात माझं मोबाईलचं दुकान आहे. माझं नाव ज्ञानेश. मी इथलाच. वडिलांची बरीचशी जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्यात चुलत्यानं पत्र्याच्या खोल्यांची चाळ काढली, आणि मी चौकात गाळा घेऊन सिमकार्डं विकायला बसलो. त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली.

तेव्हा दुकानावर आठ कंपन्यांचे बोर्ड होते. एक कंपनी शटर रंगवून द्यायची, आठ दिवसांत दुसरी येऊन त्यावर आपला रंग फासायची. मग एकेक जण गेला. कुणी बुडालं, कुणी विकलं गेलं, कुणाला दुसऱ्यानं गिळलं, आणि दर वेळी मी शिडी लावून एकेक बोर्ड उतरवला. आता तीन उरलेत. मी त्यांना रंगानंच ओळखतो. जांभळी, केशरी आणि हिरवी. जांभळी आणि केशरी यांचं उत्तम चाललंय. एकीनं सोमवारी दर वाढवले की शुक्रवारपर्यंत दुसरी वाढवते, आणि पेपरात याला स्पर्धा म्हणतात. हिरवी गेली चार वर्षं अंथरुणाला खिळलेली आहे. ती मरत नाही आणि बरीही होत नाही.

तिघींचं एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. तिघींचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. पगाराचा महिना तीस दिवसांचा आणि रिचार्जचा अठ्ठावीस, म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. मी हे चाळीतल्या कितीतरी बायांना समजावलंय. दर वेळी त्या माझ्याकडे असं बघतात, जणू कॅलेंडरचे ते दोन दिवस मीच कापून खिशात घातलेत.

आता पोर्टिंग. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, याला पोर्टिंग म्हणतात. सोय चांगली आहे. एका कंपनीनं छळलं तर माणसानं दुसरीकडे जावं, एवढाच त्यामागचा विचार. आमच्या पट्ट्यात त्याचं काय झालं ते ऐका. कंपनीला दर महिन्याला नवे ग्राहक दाखवायचे असतात. नवा माणूस आणायचा कुठून? देशात ज्याला फोन घ्यायचाय त्यानं घेतलाय. मग कंपनी म्हणते, दुसऱ्याकडून ओढून आणा, पहिले अठ्ठावीस दिवस फुकट देऊ. चाळीतली माणसं फुकटासाठी हिरवीकडे येतात, नव्वद दिवस झाले की जांभळीकडे जातात, पुन्हा नव्वद दिवसांनी परत. नव्वद दिवसांच्या आत बदलता येत नाही, तसा नियमच आहे. माझ्याकडे अशी शंभरेक माणसं आहेत, ती वर्षानुवर्षं गोल फिरतात. एकदा पेपरात वाचलं, की पोर्टिंगचे अर्ज वाढतायत, भारतीय ग्राहक जागा झालाय. मी त्या जाग्या झालेल्या ग्राहकांना नावानिशी ओळखतो.

हिरव्या कंपनीचा आमच्या भागाचा मॅनेजर सार्थक. वय सव्वीस, राहायला वाकडला, बाराव्या मजल्यावर. मुलगा वाईट नाही, हेच त्रासदायक आहे. तो आम्हा दुकानदारांना वाकडच्या एका हॉटेलात बोलावतो आणि पडद्यावर आलेख दाखवतो. बाजाराची सद्यस्थिती, बाजाराचं भवितव्य. रेष डावीकडून उजवीकडे चढत जाते. मागच्या वेळी मी विचारलं, ही रेष चढते कशी, आमच्याकडे तर टॉवर उतरवतायत. तो म्हणाला, "भाऊ, हे प्रोजेक्शन आहे." मग पनीर टिक्का आला आणि सगळे उठले.

त्या महिन्याच्या तीस तारखेला सार्थक सकाळपासून माझ्या दुकानात स्टुलावर बसून होता. टार्गेट पंचवीस पोर्टचं, झाले होते चोवीस.

"एक द्या भाऊ. फक्त एक," तो म्हणाला. "सलग तिसऱ्या महिन्यात कमी पडलं तर सिस्टिम तुमचा आयडी आपोआप बंद करते. माझ्या हातात काही नाही."

आयडी म्हणजे सिम चालू करायचा परवाना. तो बंद झाला की हिरवीचं माझं दुकान संपलं, आणि जांभळी नि केशरी छोट्या दुकानदाराला हल्ली दारातही उभं करत नाहीत. तेवढ्यात निशिगंधा आली.

निशिगंधा चुलत्याच्या चाळीत राहते. माहेर केजकडचं. नवरा टेम्पोवर आहे, ती ठेकेदारामार्फत वायरिंगच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाते आणि सकाळी सहा जणांचे डबे करते. बोलायला मोजकी. तिनं फोन काउंटरवर ठेवला.

"भाऊ, रिचार्ज मारा. चार दिवस ऱ्हायलेत, पण म्या रिस्क घेत न्हाई. कंपनीचा फोन येणारंय."

"कुठल्या कंपनीचा?"

मग तिनं सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच जरा हसली. एमआयडीसीच्या फेज दोनमधल्या मोठ्या कारखान्यात बायकांची नवी लाइन सुरू होतेय. ठेकेदार नाही, थेट कंपनीत. लेखी परीक्षा झाली, मेडिकल झालं, यादीत तिचं नाव अकरावं. आठवडाभरात फोन येणार होता. फोनवर हो म्हणायचं, की दुसऱ्या दिवसापासून कामाला. पंचवीस पूर्ण झालेल्या बाईला ते घेत नाहीत, आणि निशिगंधाला पुढच्या महिन्यात पंचवीस पूर्ण होत होती.

"दहा ते एकच्या मधी करतेत फोन," ती म्हणाली. "फॉर्मवर ह्योच नंबर हाय. गेटवर इचारलं, बदलून देता का म्हणून. न्हाई म्हणाले."

माझ्याकडे सार्थक बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. निशिगंधाला म्हणालो, "रिचार्ज कशाला मारता? हिरवीकडे पोर्ट करा. नंबर हाच राहील. अठ्ठावीस दिवस फुकट."

"बंद तर पडायचा न्हाई ना?"

"तीन दिवसांनी बदलेल. बदलताना दोन तास बंद, तेही पहाटे."

"आन् चाळीत रेंज?"

इथे थोडं मागे जायला हवं. चाळीच्या मागे, आमच्या रानाच्या कोपऱ्यात टॉवर आहे. त्याच्यावर तिन्ही कंपन्यांची यंत्रं होती. आठ दिवसांपूर्वी वडील, म्हणजे उद्धवराव, जेवताना म्हणाले होते, "त्या हिरव्यांनी टावरवरचं डबं काडून न्येलं. आता तिकडं त्यांचं काय लागायचं न्हाई." मी भाकरी खात होतो. ऐकलं होतं.

मी सार्थकला विचारलं, "चाळीत रेंज आहे ना?"

"शेजारच्या टॉवरवर शिफ्ट होतंय," सार्थक म्हणाला. "चार दिवसांत लाइव्ह. नेटवर्क टीमचा मेल आहे माझ्याकडे."

तो मेल मी बघितला नाही. दाखव असंही म्हणालो नाही. निशिगंधाला म्हणालो, "आहे रेंज."

तिनं तिसऱ्यांदा विचारलं, "नक्की ना भाऊ?" आणि मी नक्की म्हणालो. तिच्याच फोनवरून पोर्टचा मेसेज पाठवला. कोड आला. वायरिंगच्या कामानं तिचा अंगठा घासून गुळगुळीत झालेला, मशिन घेईना. साडीच्या पदराला तीनदा पुसून लावला तेव्हा कुठे घेतला. सार्थकनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि मोटारसायकलला किक मारून पुढच्या दुकानदाराच्या डोक्यावर बसायला गेला.

चार तारखेला निशिगंधा परत आली. रेंज येत नव्हती. घरात नाही, दारात नाही, नळावर नाही. चौकात आल्यावर दोन कांड्या दिसायच्या. मी सार्थकला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊ, साइट डिले आहे. पंधरा तारीख पकडा."

"मला जुन्या कंपनीत घाला परत," निशिगंधा म्हणाली.

"नव्वद दिवस जाता येत नाही."

तिला ते समजायला थोडा वेळ लागला. "माझाच नंबर हाय ना पण?" ती म्हणाली.

मी म्हणालो, दहा ते एक दुकानात येऊन बसा, इथे रेंज आहे. ती म्हणाली, त्या वेळात सहा डबे असतात, डबे सोडले तर खोलीभाडं कुठून द्यायचं. मग मला एक युक्ती सुचली आणि तेव्हा मी स्वतःवर खूष झालो, हेही सांगतो. तिच्या फोनला रेंज नसेल तेव्हा तिला आलेला फोन माझ्या फोनवर वळेल, अशी सोय मी करून दिली. फोन आला की मी उचलणार, थांबा म्हणणार आणि गाडी काढून चाळीत जाणार. दोन मिनिटांचा रस्ता.

"तुमी उचलताल ना?" तिनं विचारलं.

"माझं कामच आहे ते," मी म्हणालो.

आता माझ्या फोनचं सांगतो. माझ्या फोनवर दिवसाला तीसचाळीस फालतू फोन येतात. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, क्रेडिट कार्ड घ्या, तुमचा प्लॅन बदला. पडद्यावर लाल अक्षरांत 'संभाव्य स्पॅम' असं दिसतं आणि माझा अंगठा आपोआप फोन कापतो. ज्या कंपन्या आमच्याकडून माणसं गोळा करून घेतात, त्यांच्याच तारांवरून हा उकिरडा आमच्या कानात ओतला जातो. त्याला आळा घालण्यासाठी पुन्हा त्याच कंपन्या लाल अक्षरं दाखवतात आणि त्याची जाहिरात करतात. मी मोबाईलवाला आहे, त्यामुळे फोन कापण्यात माझा हात इतरांपेक्षा जास्त बसलाय. न बघता कापतो.

पाचला आणि सहाला मी जपून राहिलो. प्रत्येक फोन उचलला. दोन प्लॉटवाले, एक विमावाला, एक बाई जी माझ्याशी हिंदीत फारच प्रेमानं बोलली. सात तारखेला अकरा वाजता दुकानात एका माणसाचा अंगठा मशिनवर घेत होतो, त्याचाही घासलेला, आणि तो वैतागला होता, मीही वैतागलो होतो. फोन वाजला. लाल अक्षरं. कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला. "काय डोक्याला ताप," असं काहीतरी त्या माणसाला म्हणालोही.

बारा वाजता चहा पिताना फोन हातात घेतला आणि यादीत तोच नंबर दोनदा दिसला. अकरा वाजून चार मिनिटं, अकरा वाजून सहा मिनिटं. फालतू फोनवाले दोन मिनिटांत त्याच नंबरवरून पुन्हा करत नाहीत. चहा तसाच राहिला.

परत फोन लावला. आधी संगीत वाजलं, मग हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन. मग कारखान्याचं नाव ऐकू आलं. एका दिवसात दोनशे जणांना फोन करणाऱ्या नंबरवर लाल अक्षरं आपोआप चढतात, हे मला माहीत होतं. मला माहीत नसणार तर कुणाला? अर्ध्या तासानं एक बाई बोलली. मी निशिगंधाचं नाव सांगितलं.

"अकरा नंबर ना? दोनदा कट केला उमेदवारानं. आम्ही 'इच्छुक नाही' असं टाकलं. पुढच्या उमेदवारानं होकार दिलाय, यादी क्लोज झाली."

"मॅडम, तिनं नाही कापला. मी कापला. चूक माझी आहे."

"तुम्ही कोण त्यांचे?"

मी तिचा कोण? मी म्हणालो, "मोबाईलवाला."

बाई म्हणाली, "सर, उमेदवाराचा फोन तुमच्याकडे कसा?" मी सांगायला लागलो. टॉवर, पोर्टिंग, वळवलेला फोन. सांगताना मलाच ते एखाद्या भामट्याच्या बतावणीसारखं ऐकू येत होतं. तिनं सॉरी म्हणून ठेवून दिला.

सार्थकला फोन केला नाही. काय बोलणार होतो? त्याचाच मेसेज आला होता सकाळी, दुकानदारांच्या ग्रुपवर. मागच्या महिन्यात टार्गेट पूर्ण करणाऱ्यांची यादी, पहिल्या पाचात माझं नाव, पुढे टाळ्या वाजवणारे हात.

निशिगंधा दोन वाजता आली. तिची कारखान्याची बस सव्वादोनला चौकातूनच सुटते. अंगावर कारखान्याचा निळा कोट, हातात पिशवी. रोज येता येता विचारायची तसंच विचारलं, "आला का भाऊ?"

खोटं बोलता आलं असतं. नाही आला म्हणालो असतो तर तिला कधीच कळलं नसतं. ती चार दिवस विचारत राहिली असती, मग थांबली असती. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं, आणि ते आलं म्हणून स्वतःची शिसारी आली.

"आला होता," मी म्हणालो. "मी कापला. स्पॅम समजून. दोनदा. परत लावला तर म्हणाले यादी संपली."

ती काउंटरची कड धरून उभी राहिली. बाहेर बसचा हॉर्न वाजला, कुणाला तरी हाक मारायला. मी रेंजबद्दल, पंधरा तारखेबद्दल काहीतरी बरळत होतो.

"चाळीत रेंज न्हाई हे तुमाला ठाव होतं का?" तिनं विचारलं.

"होतं," मी म्हणालो.

"मग ते फोन वळवायचं काडून टाका आधी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

मी माझा फोन काउंटरवर ठेवला आणि तिचा घेतला. तेवढ्यात माझा वाजला. लाल अक्षरं. आम्ही दोघांनी बघितलं. तिच्या डोळ्यांत काय आलं ते मी बघितलं, आणि झडप घालून फोन उचलला, स्पीकर लावला.

"नमस्कार," ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला, गोड, सणासुदीचा. "हिरव्या परिवारात आपलं स्वागत आहे. आपल्याला सेवा देणाऱ्या दुकानदाराबद्दल आपण समाधानी असाल तर एक दाबा. नसाल तर दोन दाबा."

तिच्याच नंबरवर आलेला फोन होता. चाळीतून आलेल्या तिच्या फोननं अजून रेंज पकडली नव्हती, म्हणून कंपनीनं तिला केलेला फोन माझ्याकडे वळला होता. असं दुकानदाराचं गुणपत्रक भरतात.

"दोन दाबलं तर काय होतं?" निशिगंधानं विचारलं.

"माझा आयडी बंद होऊ शकतो."

आवाज पुन्हा तेच म्हणाला. समाधानी असाल तर एक दाबा. तिनं माझा फोन हातात घेतला, तो गुळगुळीत अंगठा पडद्यावर धरला, आणि मी मनातून म्हणालो, दाब बाई दोन, एकदाचं संपव. तिनं एक दाबलं.

"तुमचं तरी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. ते दयेनं म्हटलेलं नव्हतं. पायाला लागलेलं शेण दगडावर घासून माणूस पुढे जातो, तसं म्हणाली. "पर एक करा. चाळीतल्या बायका येतील फुकटाचं ऐकून. त्यांना न्हेऊ नका तिकडं. रेंज येईस्तोवर एकीलाबी नका घालू."

"नाही घालणार," मी म्हणालो. "शब्द."

तिचा फोन मी नीट करून दिला. ती बसमध्ये चढली. खिडकीशी बसली होती, दुकानाकडे बघितलं नाही.

पंधरा तारीख आली, गेली. यंत्र कुठल्याच टॉवरवर बसलं नाही. वडील एकदा म्हणाले, "निस्तं लोखंड हुबं हाय," आणि मी विषय बदलला. निशिगंधा आता माझ्या दुकानावरून जाते तेव्हा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जाते. तिला पंचवीस पूर्ण झाली.

मग तीस तारीख आली. सार्थक स्टुलावर येऊन बसला. त्याच्या कंपनीला म्हणे कुणीतरी परदेशातून पैसा देणार होतं, त्याआधी ग्राहकांचा आकडा चांगला दिसायला हवा होता. त्यानं मोबाईलवर नवा आलेख दाखवला. रेष चढत होती. त्याला चार हवे होते.

दुपारपर्यंत चारजणी आल्या. चौघींना मी फुकटाचं सांगितलं. आधारकार्डावर सगळ्यांचे पत्ते गावाकडचे होते, केज, औसा, जिंतूर, परतूर. इथे कोण कुठल्या चाळीत राहते हे विचारल्याशिवाय कळत नाही. मी विचारलं नाही.